तीन वाट्या भरडा

मंगळवार, १० ऑक्टोबर २००६, दिग्रस

ठरलं! आचारी येणार नाही. सव्वीस नोव्हेंबरच्या रविवारी भैरवीचं डोहाळजेवण याच घरात होईल आणि स्वयंपाक मी करीन. मी म्हणजे कमलाकर, वय अठ्ठावन्न, वजनमापे खात्यातून जूनमध्ये निवृत्त झालेला निरीक्षक, ज्याला परवापर्यंत गॅसचं बटण कोणत्या बाजूला फिरवतात हेही ठाऊक नव्हतं.

क्रमाने लिहितो. दुपारी नागपूरहून भैरवीचा फोन आला. पुढच्या महिन्यात तिला सातवा लागतोय, जावईबापूंना सुट्टी तेव्हाच आहे, आणि तिला पेढे-बर्फी काही नको, आईच्या हातचा गोळाभात हवा. कुंदाने रिसीव्हर दोन्ही तळव्यांत धरला होता. चिकनगुन्याचा ताप जाऊन महिना झाला, पण तिच्या बोटांचे सांधे अजून सुजलेले आहेत. कपाचा कान धरवत नाही, मूठ मिटत नाही. फोनवर ती "हो गं, करू या" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मग म्हणाली, "आचारी सांगून ठेवा. ह्या हातांनी आता काही व्हायचं नाही."

आणि तिला रडू आलं. तीस वर्षांत कुंदाला रडताना मी दोनदाच पाहिलंय. आणि मग मला एकदम सुचलं. म्हटलं, "हात नसले तर नसू देत, माप तर तुझंच आहे ना? तू माप सांग, मी त्याचं वजन करतो. वजन बरोबर तर पदार्थ बरोबर."

गोळाभातात भातावर वाफवायच्या गोळ्यांना काय लागतं ते विचारलं. म्हणाली, "तीन वाट्या भरडा, पळीभर तेल, तिखट, हळद, चमचाभर मीठ." भरडा म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचं जाडसर पीठ, हेही आजच कळलं. मी विचारलं, "वाटी म्हणजे किती ग्रॅम?" ती म्हणाली, "वाटी म्हणजे वाटी." अरे वा! म्हणजे तीस वर्षं माझ्याच घरात बिनशिक्क्याचं माप चालू होतं. इथे काम आहे, भरपूर काम आहे!

बुधवार, ११ ऑक्टोबर

घरच्या तराजूला शंभर ग्रॅमच्या खालचं काही कळत नाही. मग हळद-हिंगाचं काय करायचं? म्हणून सकाळीच फुलचंद सराफाकडे गेलो. चार वर्षांपूर्वी याच फुलचंदच्या काट्यावरचा शिक्का जुना निघाला म्हणून मी त्याला दंड केला होता. मला दारात बघून तो गादीवरून उठलाच.

"साहेब, तुमी तर रिटायर झाले ना?"

इलेक्ट्रॉनिक काटा दीड महिना उसना हवाय, असं सांगितलं. कशाला ते सांगितल्यावर तो हसून हसून लाल झाला. मग रिकाम्या दुकानाकडे हात करून म्हणाला, "घेऊन जा, बेशक घेऊन जा. कापूस लोकाईच्या घरात पडून हाय, त्याले भाव नाही. मंग सोनं कोन घेते? दिवाळी दहा दिवसावर आली अन् आठवडा झाला, ह्या काट्यावर एक ग्रॅम चढला नाही. निदान तुमचं बेसन तरी चढू द्या."

काटा छातीशी धरून घरी आणला. लोडशेडिंग असलं तरी बॅटरीवर चालतो. अर्धा ग्रॅमही दाखवतो!

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

दोन दिवस जेवणाचीही शुद्ध नव्हती. (जेवण म्हणजे भागीरथाने टाकलेल्या पोळ्या. भागीरथा ही मारोतरावांची बायको, जवळच्याच खेड्यातून आमच्याकडे दूध घालते. कुंदा आजारी पडल्यापासून दुधाबरोबर चार पोळ्याही टाकून जाते. घरची दहा एकर शेती असलेली बाई, पण कुंदावर तिचा जीव आहे.)

तर वाटी. कुंदाची वाटी पाण्याने काठोकाठ भरली तर बरोबर दीडशे ग्रॅम. मग तीच वाटी एकेका जिन्नसाने भरत गेलो. मीठ एकशे ऐंशी! साखर एकशे तीस. तांदूळ एकशे बावीस. तेल एकशे सदतीस, म्हणजे पाण्यापेक्षा हलकं, तरीच ते वर तरंगतं. रवा एकशे सहा. भरडा पंचाण्णव. आणि जाडे पोहे फक्त साठ! एकच वाटी, तोच काठ, आणि मिठाची वाटी पोह्यांच्या तिप्पट जड. मी बाहेरच्या खोलीत धावत जाऊन कुंदाला सांगितलं. ती म्हणाली, "पोहे हलके असतात हे मला ठाऊक होतं." पण किती हलके ते ठाऊक होतं का? नव्हतं!

बेसनाने मात्र नाकी नऊ आणले. चाळून अलगद भरलं तर बासष्ट, वाटी ओट्यावर तीनदा आपटून भरलं तर ऐंशी. कुंदाला विचारलं, तू आपटतेस का? तिने डोळे मिटून हवेत वाटी भरली आणि म्हणाली, "एकदा. हलकेच." मग मीही एकदा हलकेच आपटून सात वेळा मोजलं आणि सरासरी काढली. अडुसष्ट.

भागीरथा दाराशी उभी राहून बघत होती. "साहेब, पयले कापसाच्या काट्याले सील मारत व्हते, आता पोह्याले मारून राह्यले का?" म्हटलं, मारीन, वेळ आली तर तेही मारीन.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

आज वांग्याची भाजी केली. तेल अठ्ठावीस ग्रॅम, शेंगदाण्याचा कूट बावीस, मीठ सात, तिखट नऊ. कुंदाने पहिला घास खाल्ला, थांबली, माझ्याकडे बघितलं आणि दुसरा घेतला. "माझीच आहे," म्हणाली. मी अंगणात जाऊन दोन चकरा मारल्या. शेंगदाण्याची चटणीही हुबेहूब. शिरा केला तो मात्र जरा घट्ट झाला. गॅस मोठा असेल.

सोमवार, २३ ऑक्टोबर

दिवाळी फराळाविना गेली, पण वाईट वाटायला मला सवडच नाही. तक्ता पूर्ण झाला! एक्केचाळीस जिन्नस. वाटी, पळी, चमचा, चिमूट, आणि पुढे ग्रॅम. चिमूटसुद्धा पकडली. कुंदाला अंगठा आणि बोट जुळवता येतं, म्हणून तिच्याकडून वीस चिमट्या हिंग काट्यावर टाकून घेतला आणि वीसने भागलं. स्केच पेनने मोठ्या कागदावर उतरवून स्वयंपाकघरात चिकटवला. वर लाल अक्षरांत लिहिलं, "सौ. कुंदाचे हात (ग्रॅममध्ये)".

कुंदाला खांद्याला धरून दाखवायला नेलं. तिने वरपासून खालपर्यंत वाचला. म्हणाली, "म्हणजे आता मी नसले तरी चालेल."

"अगदी!" मी म्हणालो. "हीच तर गंमत आहे. हा कागद घेऊन कुणीही तुझा स्वयंपाक करू शकतो. नागपूरला, पुण्याला, अमेरिकेत!"

ती आत जाऊन पडली. गोळ्यांनी गुंगी येत असावी. डॉक्टरांना विचारायला हवं.

रविवार, ५ नोव्हेंबर

आज पहिला गोळाभात. फार अपेक्षा होत्या. भरडा तीन वाट्या म्हणजे दोनशे पंच्याऐंशी ग्रॅम, काट्यावर नेमका. तेल, मीठ, तिखट, सगळं तक्त्याप्रमाणे. लिंबाएवढे गोळे केले, अर्ध्या शिजलेल्या भातावर ठेवले, झाकण, वाफ, वरून हिंग-मोहरीची फोडणी. वास तर असा सुटला की मी भैरवीला फोनच करणार होतो.

गोळा ताटात पडला तो टणकन वाजला.

कुंदाने चमच्याने फोडायचा प्रयत्न केला, तर तिच्या हातून चमचाच निसटला. मी फोडून दिला. "अळणी आहे," ती म्हणाली. "कोरडा आहे." बस, एवढंच. भागीरथा दोन गोळे घरी घेऊन गेली होती. संध्याकाळी दूध घालताना म्हणाली, "साहेब, मारोतरावनं निरोप देल्ला. म्हन्ते, आनखी असतीन तं द्या, वावरातले वानेरं हाकलाले कामी येतीन." मी हसलो. पण मनात खटकलंय.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

दुसऱ्यांदा केला. तेल दहा ग्रॅम वाढवलं, तर गोळा तेलकट आणि तरीही टणक. मीठ वाढवलं, तर आतून अळणी आणि बाहेरून खारट. भातही करकरीत. मागची वही उलटून पाहिली. शिरा घट्ट. पिठलं घट्ट. भात कोरडा. भाजी आणि चटणी मात्र उत्तम. यात काहीतरी सूत्र आहे, पण हाती लागत नाही. यंदाची हवा कोरडी आहे, कापसाच्या पऱ्हाट्या लवकर वाळल्यात, तसं डाळीचंही झालं असेल का? वजन चुकलेलं नाही, हे नक्की. दोनशे पंच्याऐंशी म्हणजे दोनशे पंच्याऐंशी!

कुंदा हल्ली स्वयंपाकघरात येत नाही. विचारलं तर म्हणते, "तक्ता आहे ना?"

मंगळवार, १४ नोव्हेंबर

तिसऱ्यांदा तोंडावर पडलो. आणि मग मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण डायरीत तरी खरं लिहावं. तीस वर्षं दुकानदारांची उलटतपासणी घेतली, ती सवय आज घरात निघाली. कुंदासमोर वही धरून म्हणालो, "खरं सांग. माप कमीजास्त करून सांगितलंस का?"

तिला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा म्हणाली, "मी? मुलीच्या डोहाळजेवणाला?" आणि तोंड फिरवलं.

भागीरथाने ऐकलं होतं. मला फाटकापर्यंत बोलावून घेतलं आणि हळू आवाजात पण चांगलंच सुनावलं. "तुमाले एक सांगू का साहेब? बाईचे हात गेले म्हनून बाई तितक्या नाई रडल्या. तुमी तो कागद लावला ना भितीले, तवापासून त्यायचं जेवन अर्धं झालं. मी पोळ्या टाकतो, मले दिसते ना. कोनाले आवडन का, जित्तेपनी आपल्या हाताचं वजन करून कागदावर मांडलेलं?"

मी म्हणालो, "अगं, तिच्या सन्मानासाठीच केलं ते."

"मंग सन्मान उलटा पडला," ती म्हणाली आणि दुधाची कॅन उचलून निघून गेली.

रविवार, १९ नोव्हेंबर

तक्ता काढला. घडी करून वहीत ठेवला. कुंदाची माफी मागितली, शब्द नीट जमले नाहीत. ती म्हणाली, "तुमच्या मनात वाईट नव्हतं, ते कळतं मला. पण अहो, मी काय त्या कागदातच मावते का?" मी वही मिटून ठेवली. मग तीच म्हणाली, "हात धड असते तर दोन मिनिटांत करून दाखवलं असतं. कुठे चुकतं ते तोंडाने सांगता येत नाही मला."

सात दिवस उरलेत. आज एका आचाऱ्याशी बोलून आलो. होकार दिला नाही, नकारही दिला नाही. त्याने गोळाभाताला 'डाळवडा राइस' म्हटलं.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

सापडलं! सापडलं! सापडलं!

शांतपणे लिहायला हवं, पण शांत होताच येत नाहीये. भैरवी दुपारी आली. पोट छान दिसतंय, चेहऱ्यावर तेज आहे. आल्या आल्या तिने माझा कालचा गोळा तोंडात टाकला आणि लहानपणी कडुलिंबाचा रस पाजल्यावर करायची तसं तोंड केलं. कुंदा हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. भैरवी म्हणाली, "बाबा, तुमचा काटा राहू द्या बाजूला. आई, तू नुसती माझ्याजवळ बस आणि वाटीने भरडा टाक. सांडला तर सांडला."

कुंदा नाही-नाही म्हणत बसली. दोन्ही तळव्यांत वाटी धरून डब्यातून भरडा परातीत टाकला. एक, दोन, तीन. वेळ लागला, थोडा सांडला. मी समोर पेन घेऊन बसलो होतो. तिसरी वाटी तिने खाली ठेवली. मग तिचा उजवा हात परातीत गेला, वाकड्या बोटांनी तिने थोडा भरडा गोळा केला, तो डब्यात परत टाकला आणि तेलाच्या बरणीकडे बघितलं.

"थांब!" मी इतक्या जोरात ओरडलो की दाराशी आलेल्या भागीरथाने कॅन खाली ठेवली. "हे काय केलंस?"

"काय केलं?"

"पीठ परत टाकलंस डब्यात!"

"मग?" ती माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघत होती. "मापून झालं की एक मूठ परत टाकतातच की. डब्यातून काढलं आणि उठलं असं करू नये. माहेरी नेरला आई टाकायची, आजी टाकायची."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस!"

"त्यात सांगायचं काय? श्वास घेते ते सांगते का?"

भागीरथा हातावर हात मारून हसायला लागली. "अवो साहेब, कोन नाई टाकत? धान्य काढलं का लक्ष्मीची मूठ मांघारी. तुमाले हे बी मालूम नाई? मंग तीस वर्सं तुमी तपासलं काय?"

काय तपासलं! एखाद्या किराणावाल्याने माझ्यासमोर गिऱ्हाइकाचं माप भरून त्यातली मूठ आपल्या पोत्यात परत टाकली असती, तर त्याच दिवशी त्याच्यावर खटला भरला असता. आणि माझ्या घरात रोज दोन वेळा हेच होत होतं, आणि त्याच अन्नावर मी जगत होतो. मी वही उघडली. शिऱ्यात रवा, घट्ट. पिठल्यात बेसन, घट्ट. भातात तांदूळ, कोरडा. जिथे धान्य तिथे तिची मूठ परत जायची, माझी जात नव्हती. भाजी-चटणीत धान्य नाही, म्हणून ती बरोबर! मी स्वयंपाकघरात नाचलो. भैरवी साक्षीला आहे, पोट धरून हसत होती, मला तिचीच काळजी वाटायला लागली.

परात काट्यावर ठेवली. दोनशे चौसष्ट. म्हणजे मूठ एकवीस ग्रॅमची. लगेच गोळे केले. मऊ झाले, मीठही लागलं. भैरवीने डोळे मिटून खाल्ला आणि म्हणाली, "जवळ आलंय. पण अजून आईचा नाही."

शनिवार, २५ नोव्हेंबर

सकाळी सगळ्यांच्या मुठी मोजल्या. माझी बासष्ट, त्या मापाचे गोळे भातात फुटून खिचडी झाली. भागीरथाची पंचावन्न. "कापूस येचाचा हात हाय," ती ऐटीत म्हणाली, "यंदा कापसाले नाई तं नाई, मुठीले तरी वजन हाय." तिचेही गोळे फुटले. एवढा गोंधळ ओट्यावर चालला असताना कुंदा भैरवीच्या वेणीची रिबीन दातांनी ओढत होती. ती तिथूनच म्हणाली, "अहो, माझी मूठ लहान झालीय तर दोनदा टाकायची. एवढं काय त्यात?"

येऊन बसली. तीन वाट्या. मूठ परत, एकवीस. बोटांनी परातीतला भरडा थोडा चाचपला, पुन्हा मूठ परत, वीस. उरला दोनशे चव्वेचाळीस. गोळे झाले. भैरवीने पहिला गोळा खाल्ला, दुसरा घेतला, मग तिसरा. डोळ्यांत पाणी होतं. "हाच," म्हणाली.

म्हणजे धडधाकट हाताची मूठ एक्केचाळीस ग्रॅमची! आकडा हाती आला होता. उद्या पंचेचाळीस माणसं, अकरा घाणे, कारण कुंदाच्या मते तीन वाट्यांहून जास्त भरडा एका वेळी भिजवायचा नसतो. दोनशे चव्वेचाळीसचे अकरा ढीग मी आजच मोजून ठेवू शकत होतो. "आता तू आराम कर, आकडा मिळालाय," हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं.

ते मी गिळलं. कुंदा तेव्हा पदराने परात पुसत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. मी म्हणालो, "उद्या अकराही घाणे तुझ्याच हातून. मी नुसती नोंद करतो." ती म्हणाली, "आणि भांडी कोण घासणार?" म्हटलं, तेही मीच.

रविवार, २६ नोव्हेंबर

दमलोय, म्हणून थोडक्यात. सकाळी सहाला सुरू केलं, बाराला शेवटचा घाणा चढला. मध्ये अडीच तास लाइट नव्हती, पण काटा बॅटरीवर चालला. कुंदा परातीपाशी, मी काट्यापाशी, भागीरथा गोळे वळायला. प्रत्येक घाण्याला तीन वाट्या आणि मग मूठ परत, हाताला पटेपर्यंत. मी दर वेळी पहिल्या मुठीचं वजन टिपून ठेवलं, सवयीने. चौथ्या घाण्यानंतर तिने कोमट पाण्यात हात बुडवून ठेवले. मी पुरे म्हणालो, तर म्हणाली, "गप्प बसा, आत्ता कुठे हात लागतोय."

पंचेचाळीसचे बावन्न झाले. मारोतराव मळ्यातून आंब्याच्या डहाळ्या आणि फुलं घेऊन आले, झोपाळा त्यांनीच सजवला. हिरव्या साडीत भैरवी त्यावर बसली. चिंचेचं सार संपलं, ताक संपलं, गोळे मात्र पुरले. फुलचंदही आला होता, त्याने सात खाल्ले. "साहेब, ऐसा माल ह्या काट्यावर जिंदगीत नाही चढला," म्हणाला. बायका कुंदाच्या भोवती जमून तिचे हात हातात घेऊन विचारपूस करत होत्या, आणि ती प्रत्येकीला सांगत होती, "ह्यांना आता सगळं येतं हं."

सोमवार, २७ नोव्हेंबर

भैरवी आणि जावईबापू सकाळी सातच्या सुमारास निघाले. घर पुसून झालं. फुलचंदचा काटा परत करण्याआधी कालच्या नोंदी नीट उतरवाव्यात म्हणून बसलो. पहिल्या मुठी, घाण्यांच्या क्रमाने: एकवीस, एकवीस, बावीस, बावीस, चोवीस, चोवीस, सव्वीस, सत्तावीस, एकोणतीस, तीस, एकतीस.

बघता बघता कपाळाला आठ्या पडल्या. आकडे सारखे चढत गेलेले. जो काटा दिवसभर असा वर सरकत जातो, तो खोटा. नोकरीत असे काटे मी जप्त केलेत. वाटलं, बॅटरी उतरली, काटा बिघडला, कालच्या सगळ्या नोंदी फुकट गेल्या. कपाटातून पितळी वजनं काढली. वीसचं ठेवलं, वीस. पन्नासचं ठेवलं, पन्नास. शंभरचं, शंभर. पुन्हा ठेवून पाहिली. काट्यात काही दोष नव्हता.

मग मला कळलं, आणि मी ओट्याशी खालीच बसलो. मला रडू आलं, मोठ्याने आलं. मी अकरा वेळा ते वजन स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि मला दिसलं नव्हतं.

कुंदा धावत आली. काय झालं, छातीत दुखतंय का, म्हणून विचारत राहिली. मी वही तिच्यासमोर धरली. तिने एकेका आकड्यावर बोट ठेवत खालपर्यंत वाचलं. शेवटच्यावर बोट थांबलं.

"एकतीस? माझी?"

"तुझी."

"आणि पूर्वी एक्केचाळीस होती ना?"

"एक्केचाळीस."

तिने भरड्याचा डबा पुढे ओढला, झाकण तळव्याने ढकललं आणि म्हणाली, "काटा आज परत करू नका. फुलचंदला सांगा, महिनाभर राहू दे. रडताय काय, आजची मोजा आधी."

सकाळची वेळ, बोटं आखडलेली, कालच्या कष्टाने मनगटही सुजलंय. डब्यात हात घालून तिने मूठ वळली. करंगळी मिटली नाही, थोडा भरडा ओट्यावर गळला. उरला तो काट्यावर टाकला.

चोवीस. काल सकाळी एकवीस होती.